दाण्याचे कूळ आणि दाण्याचा मुलूख

खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शनाभोवतीची जी सह्याद्रीची राने आहेत, तीच डोंगररांग दक्षिणेस चिकमंगळूर आणि कोडगूच्या मुलखात शिरली म्हणजे कॉफीच्या मळ्यांनी झाकून जाते. आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्हीकडे तोच असताना अरेबिका कॉफीची प्रतिष्ठा तिकडेच का झाली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर उंचीत सापडते. अरेबिकेस साधारणतः १,००० मीटरांवरची थंड हवा मानवते, आणि लोंढा त्याच्या पुष्कळ खाली आहे. उंचीवर, पांगारा आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत फळ सावकाश पिकते व दाण्यात शर्करा आणि स्निग्धांश साठण्यास अवधी मिळतो. हीच शर्करा भाजताना जळून सुवासिक द्रव्ये व सौम्य आम्ले निर्माण करते. उष्ण सखल भागात घाईने पिकलेल्या दाण्याला ही चैन परवडत नाही.

परंतु उरलेले निम्मे, किंबहुना माझ्या मते निम्म्याहून अधिक, उत्तर कुळाचे आहे. अरेबिकेच्या कच्च्या दाण्यात कॅफीन सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात २.२ टक्क्यांच्या आसपास; उलट शर्करा व स्निग्धांश यांत अरेबिका वरचढ, आणि भाजल्यावर कडवटपणा देणाऱ्या क्लोरोजेनिक आम्लांत पुन्हा रोबस्टाची सरशी. कॅफीन हे वनस्पतीच्या दृष्टीने कीटकांवरचे विष होय, आणि सखल, दमट रानात कीटकांचा उपद्रव अधिक, हे ध्यानी घेतले म्हणजे रोबस्टाचा उग्रपणा अकारण वाटत नाही. गंमत अशी की अरेबिका ही स्वतःच रोबस्टा आणि अत्यल्प कॅफीनची यूजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून जन्मली. तिची ४४ गुणसूत्रे ही त्या दोघींच्या प्रत्येकी २२ गुणसूत्रांची बेरीज, आणि तिचे कॅफीनही दोघींच्या दरम्यानचे. रोबस्टा कितीही उंचावर नेऊन लावला तरी त्याची अरेबिका होत नाही.

त्यामुळे प्रयोगशाळेस कूळ ओळखणे सोपे जाते: रोबस्टाच्या तेलात मेथिलकॅफेस्टॉल नावाचे एक द्रव्य असते, जे अरेबिकेत जवळजवळ नसतेच, आणि त्यावरून भेसळ पकडली जाते. मुलखाचा दाखला देणे मात्र कठीण. २०१९ साली कोडगू, चिकमंगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकांना, तसेच वायनाडच्या रोबस्टास व अराकूच्या अरेबिकेस भौगोलिक मानांकन मिळाले. आता बाबाबुदनगिरी ही चिकमंगळूर जिल्ह्यातच असल्यामुळे, दाण्यातील सूक्ष्म खनिजे व समस्थानिकांची प्रमाणे मोजून या दोन शेजाऱ्यांची हद्द आखणे हे, मला वाटते, रसायनशास्त्रापेक्षा महसूल दप्तराचे काम अधिक आहे.

मुलूख निःसंशय बोलतो तो मान्सून्ड मलबार या मालात, आणि तोही तोडणीनंतर. शिडांच्या जहाजांतून महिनोन्महिने युरोपकडे जाणारा दाणा ओल शोषून फुगत व पिवळा पडत असे. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला होऊन आगबोटींचा प्रवास आटोपशीर झाला, तेव्हा गिऱ्हाइकास तो जुना स्वाद मिळेनासा झाला. तो पुन्हा साधण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात वखारींच्या उघड्या बाजूंनी पावसाळी वारा आत घेऊन, पसरलेला दाणा वरचेवर उलथून, मग सैल पोत्यांत भरून ओलावतात. दाणा फुगतो, फिकट होतो आणि त्याचा आंबटपणा बहुतांशी निघून जातो. त्याच आंबटपणासाठी चिकमंगळूरच्या उंच मळ्यांना अधिक भाव देणारे रसिक या मालाला मचूळ म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटत नाही.