चित्रातील मोटार आणि दारातील मोटार

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हॉथॉर्न येथे टेस्ला कंपनीचे आरेखन केंद्र आहे. ९ फेब्रुवारी २०१२ रोजी तेथे एका नव्या मोटारीचा नमुना लोकांपुढे मांडण्यात आला. मोटार विजेवर चालणारी होती, सात माणसे सामावतील इतकी ऐसपैस होती आणि तिचे नाव होते मॉडेल एक्स. तिची मागची दारे बाजूला न उघडता, ससाण्याने पंख उभारावेत तशी वर उचलली जात. बाहेरच्या अंगाला आरसे नव्हते. त्यांच्या जागी चिमुकले कॅमेरे बसविले होते. २०१३ च्या अखेरीस गाडीचे उत्पादन सुरू होईल, असे सांगण्यात आले आणि पाठोपाठ नोंदणी खुली झाली. साध्या नोंदणीला ५,००० डॉलर आणि आरंभीच्या खास मालिकेतील गाडीसाठी ४०,००० डॉलर अशी अनामत ठरली. पुढे उत्पादनाची मुदत एकदा नव्हे, अनेकदा लांबली आणि अखेर २९ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्या काही ग्राहकांच्या हाती गाडीच्या किल्ल्या पडल्या. खास मालिकेतील गाडीची किंमत १ लाख ३२ हजार डॉलरपासून पुढे होती.

एवढी किंमत मोजणाऱ्या श्रीमंत ग्राहकाची कीव कोणी का करावी, असा प्रश्न महिनाअखेरीस हिशेब जुळविणाऱ्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कीव करण्याचे कारण नाही. परंतु वस्तू तयार होण्यापूर्वी, केवळ तिचे रूप पाहून पैसे मोजणाऱ्या माणसाचे नेमके काय होते, हे तपासण्यास याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. ग्राहक सुशिक्षित होता, सधन होता, त्याला घाई नव्हती. शिवाय अनामत परत मागण्याची मुभाही होती. इतके असूनही अपेक्षा आणि वस्तू यांत अंतर पडले.

सर्वच फरक ग्राहकाच्या तोट्याचे नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये ६० किंवा ८५ किलोवॅट-तास क्षमतेच्या बॅटरीची भाषा होती. प्रत्यक्षात आरंभीच्या गाड्यांत ९० ची बॅटरी आली आणि एका भारणीत सुमारे ४०० किलोमीटरची मजल सरकारी चाचणीने मान्य केली. चारही चाकांना शक्ती देणारी योजना सर्व गाड्यांत आली. २०१७ मध्ये अमेरिकन वाहतूक सुरक्षा खात्याने तिला प्रत्येक विभागात पाच तारे दिले. यंत्र म्हणून गाडी उणी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही.

उणी पडली ती अन्यत्र. कॅमेरे गेले आणि नेहमीचे आरसे आले. अमेरिकेच्या सुरक्षा नियमानुसार बाहेरचे आरसे अनिवार्य होते. नियम बदलावा म्हणून मोटार उत्पादकांच्या संघटनेने व टेस्लाने २०१४ मध्ये अर्जही केला, पण बदल झाला नाही. पुढे २०१८ मध्ये ऑडी कंपनीने आपल्या ई-ट्रॉन या विजेच्या गाडीला युरोपात आरशांऐवजी कॅमेरे देऊ केले, तेव्हाही अमेरिकेतील ग्राहकाला आरसेच घ्यावे लागले. येथे दोष कायद्याचा, असे म्हणता येईल. मात्र हा कायदा नमुना दाखविला त्या दिवशीही होताच. नमुन्याची गाडी रस्त्यावर आणावयाची नसते, म्हणून तिला नियम लागत नाहीत. पाहणाऱ्याला हा भेद कोणी समजावून सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मधल्या रांगेतील आसने एकेका चकचकीत खांबावर उभी केलेली, दिसावयास देखणी. ती पुढे-मागे सरकत, कलत; पण घडी होऊन आडवी मात्र पडत नसत. या जातीची मोटार घेणारे कुटुंब ती कपाट, सायकल किंवा लांबट लाकूड-सामान वाहून नेण्यासाठीही घेते. मागची आसने दुमडतात, ही गोष्ट निम्म्या किमतीच्या गाडीतही गृहीत धरलेली असते. टेस्लाच्याच आधीच्या मॉडेल एसमध्ये ती सोय होती. गृहीत धरलेले असल्यामुळेच त्याविषयी कोणी विचारले नाही आणि विचारले नाही म्हणून कोणी सांगितलेही नाही. त्यात पंखांची दारे टपाच्या मध्यापासून उघडत असल्याने टपावर कॅरियर बसविण्याचीही सोय उरली नाही. सामान आत मावेना आणि वर चढेना! उपाय म्हणून मागच्या बाजूला जोडण्याचा सांगाडा पुढे करण्यात आला.

आणि ज्या दारांपायी हे घडले ती दारे राहिलीच. त्यांच्यासाठी आधी योजलेली तेलाच्या दाबावरची यंत्रणा सोडून विजेच्या मोटरवरची यंत्रणा घ्यावी लागली. एका स्विस पुरवठादाराशी २०१६ मध्ये कोर्टबाजी झाली आणि ती त्याच वर्षी तडजोडीने मिटली. शेजारी उभ्या असलेल्या गाडीला दार आपटू नये म्हणून त्यांत ध्वनिलहरींचे संवेदक बसविण्यात आले. लहान मुलाला मागच्या आसनावर बसविताना आईला वाकावे लागू नये, हा दारांमागचा हेतू खोटा नव्हता. पण त्यासाठी मोजलेली किंमत पाहता तो हेतू पुरेसा वाटत नाही. एकाच गाडीत एवढ्या नव्या गोष्टी कोंबण्यात अहंकाराचा भाग होता, हे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे कबूल केले.

मग दारे का टाकली नाहीत? कारण अनामती त्या दारांवर गोळा झाल्या होत्या. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात की ग्राहकाचा पैसा हे त्याचे मत असते. अनामतीचा पैसा हे मत खरे, पण ते मुके मत आहे. पाच हजार डॉलर भरणाऱ्याला विजेची मोटार हवी होती, की सात आसने, की दारे, हे त्या रकमेवरून कळत नाही. उत्पादक साहजिकच असे धरून चालतो की जे दाखविले त्यासाठीच पैसे आले. त्यामुळे दाखविलेली गोष्ट सोडण्याचे त्याला धैर्य होत नाही आणि न दाखविलेली गोष्ट खुशाल कापता येते. तमाशा टिकतो, सोय जाते. दरम्यान त्या रकमेवर व्याज द्यावयाचे नसते. २०१५ च्या अखेरीस टेस्लाच्या ताळेबंदात सर्व गाड्या मिळून ग्राहकांच्या अनामती २८ कोटी डॉलरांहून अधिक होत्या. ग्राहक येथे सावकार असतो. फक्त सावकाराचे हक्क त्याला नसतात.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिले होते की असंतुष्ट ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. येथे जाण्याचा मार्ग मोकळा होता. पण तीन वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला रांग सोडणे जड जाते. आवाज मात्र उपयोगी पडला. २०१६ मध्ये मागचे आसन दुमडणारी पाच आसनांची गाडी निघाली; २०१७ मध्ये सात आसनांच्या गाडीतही ती सोय आली. मौज अशी की ज्यांनी सर्वांत आधी, सर्वांत अधिक पैसे भरले, त्यांच्याच गाड्यांत ती नव्हती. त्यांच्या तक्रारीचे फळ मागून आलेल्यांनी चाखले.

महाराष्ट्रातील प्रौढ वाचकाला रांगेची ही गोष्ट नवी नाही. आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी एके काळी लोकांनी दहा दहा वर्षांपर्यंत वाट पाहिली. मात्र त्या ग्राहकाला स्कूटर रोज रस्त्यावर दिसत होती, शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्याने ती अनुभवलीही होती. काय मिळणार हे त्याला पक्के ठाऊक असे. केव्हा मिळणार, एवढेच ठाऊक नसे. मॉडेल एक्सच्या ग्राहकाला दोन्ही ठाऊक नव्हते आणि तरीही तो स्वतःला भाग्यवान समजत होता.

याच कंपनीच्या मॉडेल ३ या गाडीसाठी २०१६ मध्ये भारतातूनही काहींनी हजार हजार डॉलर भरले होते. कंपनीचे पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते १५ जुलै २०२५ रोजी. त्याआधी काही महिने जुन्या नोंदणीदारांना अनामत परत करीत असल्याचे कळविण्यात आले होते. दालनात विक्रीस ठेवलेली गाडी त्यांनी नोंदविलेली नव्हती. ती होती सुमारे साठ लाख रुपयांची मॉडेल वाय, जी २०२३ मध्ये जगात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली होती. तिची चारही दारे साधी, बाजूला उघडणारी आहेत आणि मागची आसने दुमडतात.