बोटीवरील दुहेरी बॅटरी चार्जिंग व्यवस्था

बोटीवरील दुहेरी बॅटरी चार्जिंग व्यवस्था म्हणजे इंजिनावरील एकाच ऑल्टरनेटरने दोन स्वतंत्र बॅटऱ्या चार्ज करण्याची आणि इंजिन बंद असताना त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याची विद्युत योजना होय. पहिली, म्हणजे स्टार्टर बॅटरी, डिझेल इंजिनाच्या सेल्फला वीज पुरवते. दुसरी, म्हणजे सेवा बॅटरी, दिवे, व्हीएचएफ संच, जीपीएस आणि पाणी उपसण्याचा पंप चालवते. रात्रभर दिवे चालू राहिले तरी पहाटे इंजिन सुरू करण्याइतकी वीज शिल्लक असावी, हा या योजनेचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात मिरकरवाडा, हर्णै, जयगड आणि साखरीनाटे ही मासेमारीची प्रमुख ठिकाणे आहेत. दिवसभर इंजिन चालवून जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवर बॅटरीला चार्जिंगसाठी पुरेसा वेळ मिळतो. तरत्या जाळ्याने मासेमारी करणारी नौका मात्र जाळे टाकल्यावर बराच काळ इंजिन बंद ठेवते आणि तेवढा वेळ सर्व भार बॅटरीवर असतो. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्या उतरल्या, तर नौका वाऱ्याबरोबर वाहत जाते. संकटाच्या हाकेसाठी राखून ठेवलेल्या व्हीएचएफ वाहिनी १६ वरून मदत मागणेही अशक्य होते.

रचना

दोन बॅटऱ्या जोडण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत.

निवड-स्विच: कोणती बॅटरी जोडायची, हे खलाशी हाताने ठरवतो. स्विच ‘दोन्ही’ या स्थितीत विसरला गेल्यास दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतात. इंजिन चालू असताना स्विच पूर्ण बंद केल्यास ऑल्टरनेटरमधील डायोड जळू शकतात.

डायोड आयसोलेटर: वीज बॅटरीकडे जाते, एका बॅटरीतून दुसरीत जात नाही. मात्र सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. रेग्युलेटरची संवेदक तार बॅटरीवर जोडलेली नसेल, तर बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते.

व्होल्टेज-संवेदी रिले: स्टार्टर बॅटरी साधारण १३.३ व्होल्टच्या वर गेली की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि व्होल्टेज सुमारे १२.८ पर्यंत उतरले की तोडतो.

दोषनिदान

इंजिन सुरू झाले नाही की बॅटरीलाच दोष देऊन ती बदलण्याची प्रवृत्ती आढळते. खाऱ्या हवेत मात्र दोष पुष्कळदा जोडणीत असतो. तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो, टर्मिनल सैल होते आणि विरोध वाढतो. तसे असल्यास नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते. म्हणून मल्टिमीटरने पुढील क्रमाने तपासणी केली जाते. येथील आकडे १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत; २४ व्होल्टच्या व्यवस्थेत ते दुप्पट धरावेत.

१. इंजिन आणि सर्व उपकरणे बंद करून काही तासांनी दोन्ही बॅटऱ्या मोजाव्यात. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे बरीच उतरलेली. इंजिन बंद करताच मोजल्यास आकडा फसवा, अधिक दिसतो.

२. इंजिन चालू करून स्टार्टर बॅटरी मोजावी. १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित आहेत. आकडा वाढलाच नाही, तर पट्टा, ऑल्टरनेटर किंवा त्याची जोडणी तपासावी.

३. त्याच वेळी सेवा बॅटरी मोजावी. स्टार्टर बॅटरी १४ आणि सेवा बॅटरी १२.३ दाखवत असेल, तर फ्यूज, रिले किंवा रिलेची ऋण तार संशयास्पद ठरते. सेवा बॅटरी फारच उतरली असल्यास रिले काही काळ जोड-तोड करत राहतो.

४. चार्जिंग चालू असताना मीटरची एक सळई ऑल्टरनेटरच्या धन टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवावी. आयसोलेटर नसलेल्या मार्गावर अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास वाटेतील एखादा सांधा किंवा केबल खराब असते. ऋण बाजूचीही अशीच तपासणी करावी.

५. इंजिन बंद करून थोड्या वेळाने सर्व दिवे लावावेत. स्टार्टर बॅटरीही सेवा बॅटरीबरोबर उतरू लागली, तर रिले चिकटलेला आहे किंवा स्विच ‘दोन्ही’वर आहे.

६. एवढे सर्व ठीक असूनही सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तरच बॅटरी निकामी मानावी.

काही वेळा कोणताही दोष नसतो, केवळ हिशेब चुकलेला असतो. रात्रीच्या १० तासांत सरासरी ५ अँपिअर भार असल्यास ५० अँपिअर-तास खर्च होतात. इतर भार वजा जाता चार्जिंगला १० अँपिअर उरत असतील, तर ही भरपाई होण्यास ५ तासांहून अधिक काळ इंजिन चालावे लागते.

देखभाल आणि सुरक्षितता

पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली, म्हणजे साधारणतः १ जूनपासून, नौका किनाऱ्यावर घेऊन शाकारल्या जातात. या काळात उतरलेली बॅटरी तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून बॅटऱ्या उतरवून, पूर्ण चार्ज करून कोरड्या जागी ठेवतात आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करतात.

चार्जिंगच्या वेळी बाहेर पडणारा हायड्रोजन वायू स्फोटक असल्याने बॅटरीची जागा हवेशीर असावी आणि तेथे विडी किंवा ज्योत नेऊ नये. जोडणी सोडवताना प्रथम ऋण तार काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. त्यामुळे हातातील पान्यातून शॉर्टसर्किट होण्याचा धोका टळतो.