चुंबक कुठंच चिकटलं नाही

जुनी गाडी बघायला निघालं की आमचे मिस्त्री खिशात लोहचुंबक टाकतात. ते पत्र्यावर फिरवायचं. जिथं पकड सुटते तिथं रंगाखाली लांबी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. मे महिन्यात सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये लाल सॅन स्टॉर्मच्या बॉनेटवर त्यांनी चुंबक टेकवलं, तर ते घरंगळत खाली आलं. दारावरून, डिकीवरूनही तसंच.

"मालक, सगळं फायबर आहे की हे. वरून काय कळत नाही बघा."

सॅन स्टॉर्म ही गोव्यात तयार झालेली दोनच सीटची छोटी स्पोर्ट्स कार. बंगळूरच्या सॅन मोटर्सनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आणली. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद 60 बीएचपीच्या आसपास. आजच्या साध्या हॅचबॅकलाही याहून जास्त ताकद असते. पण जमिनीलगत बसून, छप्पर काढून गाडी चालवणं हॅचबॅकमध्ये कुठलं? कॉलेजात असताना मासिकातला तिचा फोटो मी कापून ठेवला होता. गाडीच्या मालकाचा सौदा सरळ होता: माझी 2012 ची स्विफ्ट द्यायची, ही न्यायची, वर पैसे नाहीत.

गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवली. फायबर गंजत नाही. गंजतो तो त्याखालचा लोखंडी सांगाडा, आणि या गाडीची वीस वर्षं समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गेलेली. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं एकेक सांधा वाजवत गेले. चांगलं लोखंड ठणठणतं. मागच्या उजव्या चाकाजवळ आवाज बसका आला. तिथं टोक खुपसताच तांबूस पापुद्रे त्यांच्या तळहातावर गळले. त्यांनी ते बोटांत चुरडले आणि काही न बोलता हात माझ्यापुढं धरला. वेल्डिंग होण्यासारखं होतं, पण आधी वरचं फायबर सोडवायला हवं, आणि जुनं फायबर बोल्टापाशी तडकतं.

इंजिन मात्र खणखणीत. भर उन्हात वीस मिनिटं जागेवर चालू ठेवलं. काटा चढला, पंखा लागला, काटा उतरला. सोलापूरच्या उन्हात हे जमलं म्हणजे निम्मी परीक्षा पास. मग तुळजापूर रोडवर दहा किलोमीटर चालवली. तिसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज भरून आला आणि मी तो पापुद्रा पार विसरलो.

परत आल्यावर कागद पाहिले. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढं फिटनेस करून 5-5 वर्षांनी वाढवायची. ही गोव्याच्या पासिंगची. म्हणजे तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, मगच एमएच 13 चा नंबर. हे सगळं धावपळ करून होतं. अडतं ते सुट्या भागांपाशी. स्विफ्टची पुढची काच फुटली तर संध्याकाळपर्यंत दुसरी बसते. स्टॉर्मचं उत्पादन केव्हाच थांबलंय. तिच्या काचेसाठी गावोगाव फोन करत बसावं लागेल आणि तोवर गाडी शेडमध्ये.

आमच्या घरी माणसं चार, गाडी एक. आईला गुडघ्यांमुळं एवढ्या खाली बसता येत नाही. तिला दवाखान्यात न्यायचं कशातून? मी अदलाबदल केली नाही. दारात रोजची गाडी राहणार असेल, तर जुनी स्पोर्ट्स कार जरूर घ्या. फक्त चालवून बघण्याआधी ती रॅम्पवर चढवा. एकदा चालवली की खालचं काही दिसत नाही.