गुळवेलीचा भाव कोण ठरवतं?

2021 साली केंद्र सरकारच्या पत्रकात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचं नाव झळकलं. तिथल्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेकडे डाबर, हिमालया, बैद्यनाथ अशा कंपन्यांनी 450 टन गुळवेलीची मागणी नोंदवली होती, किंमत 1 कोटी 57 लाख रुपये. कातकरी या आदिवासी समाजातल्या काही तरुणांनी जवळच्या बाजारात कच्ची गुळवेल विकायला सुरुवात केली आणि तिथून काम इथवर वाढलं. बातम्यांनी त्यातला ‘कोटी’ उचलून धरला. मला मात्र आधी भागाकार करावासा वाटला. किलोला साधारण 35 रुपये पडतात. जंगलात वेल शोधायची, झाडावर चढून ती उतरवायची, भारा वाडीवर आणायचा, तुकडे करायचे, ते वाळवायचे, गोणी भरून मालवाहू गाडीत चढवायच्या. या सगळ्याचा मोबदला त्या 35 रुपयांत. शहरातल्या दुकानात गुळवेल चूर्णाची 100 ग्रॅमची डबीसुद्धा सहसा त्याहून महाग मिळते.

म्हणून त्या तरुणांचं काम लहान ठरत नाही. कंपनीच्या खरेदी विभागाशी थेट बोलणारी कातकरी संस्था उभी राहिली, हीच मोठी गोष्ट आहे. पण शहापूर आणि त्याला लागून असलेला मुरबाड हे तालुके मागास राहिले कारण ते बाजारापासून दूर आहेत, असं जे नेहमी सांगितलं जातं, ते मला पटत नाही. हे तालुके दोन हजार वर्षं बाजाराच्या वाटेवर बसलेले आहेत.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाची वाट फुटते. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे चढत असे. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची त्यात मोजदाद केलेली आहे, आणि ती लिहिताना वापरलेली अंकचिन्हं देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. ज्या राजवटीच्या हाती घाट होता, तिच्या वैभवाचा हिशेब घाटातच कोरला गेला. ओझी वाहणाऱ्यांचा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं प्रवासपुस्तक उपलब्ध आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होतं, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं त्यात नमूद आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून आडवाटांनी भडोचला जात असे, हेही त्यातच आहे. रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापाराचं हे चित्र. बंदरावर कुणाची सत्ता आहे यावर घाटातल्या वाहतुकीचं नशीब ठरायचं, आणि त्या निर्णयात घाटाखालच्या गावांना कुणी विचारत नसे.

इंग्रजी अमदानीत वाट बदलली, रीत बदलली नाही. 1854 मध्ये कल्याणला पोचलेली रेल्वे 1861 मध्ये कसाऱ्याला आणि 1865 मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि मुंबईत कापसाच्या भावाने डोळे दिपवले होते. शहापूर तालुक्याला आसनगाव आणि कसारा ही स्टेशनं मिळाली. मुरबाड आजही रेल्वेविना आहे.

कातकऱ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट वेगळी होती, आणि तिच्यावर पुरेसं लिहिलं जात नाही. हा समाज एके काळी पक्का माल विकत होता. खैराच्या लालसर गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांत तासन्‌तास उकळायच्या, काढा गाळून पुन्हा आटवायचा, घट्ट झाला की थंड करून वड्या पाडायच्या: हा कात. पानात तो लागतोच, शिवाय कातडी कमावायला आणि कापड रंगवायलाही जगभर त्याला मागणी होती. खैर कुठल्या वयाचा घ्यायचा, आच किती ठेवायची, काढा कधी उतरवायचा, हे शास्त्र कातकऱ्यांच्या हातात होतं. जंगलातून लाकूड निघायचं आणि बाजारात कात जायचा. मधली किंमतवाढ वाडीवरच होत असे. 1878च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द आवळत गेली आणि खैर तोडणं गुन्हा ठरू लागलं. समाजाचं भांडवल म्हणजे हे कसबच होतं, आणि ते निरुपयोगी झालं. मग कोळसाभट्ट्या आल्या, मुंबईच्या चुलींसाठी ठेकेदारांचा कोळसा पाडणं आलं, आणि नंतर वीटभट्ट्या.

वीटभट्टीचं अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय गुळवेलीचं कळत नाही. पावसाळा सरता सरता वाडीवर रोख संपते. भाताची लावणी-कापणी झालेली असते, पुढचं काम दिसत नसतं. अशा वेळी मुकादम उचल घेऊन येतो. ती घेतली की अख्खं कुटुंब, पोरांची शाळा सोडून, भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडाशी परततं. उचल फिटली की नाही हे मालकाची वही सांगते. वेठबिगारी 1976च्या कायद्याने बंद झाली, तरी ठाणे जिल्ह्यात त्यासाठी श्रमजीवी संघटनेला वर्षानुवर्षं लढावं लागलं, ते याच वहीमुळे.

आता गुळवेल पाहा. ती वाळवायला कडक ऊन लागतं, म्हणजे पावसाळ्यानंतरचे महिने. भट्टीचाही हंगाम तोच. म्हणून गुळवेलीची खरी स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यातल्या गुळवेलीशी नाही, ती मुकादमाच्या उचलीशी आहे. कंपनी माल पोचल्यावर, तपासणी झाल्यावर पैसे देते. वाडीला ते आज संध्याकाळी हवे असतात, तेल-मीठ आणायला. मधला काळ ज्याच्या खिशातल्या पैशाने निभावतो, भाव तोच ठरवतो. पूर्वी तो गावचा व्यापारी होता. ओली वेल तो त्याच्या काट्यावर, त्याच्या दराने घेत असे.

2018 मध्ये ट्रायफेड या केंद्राच्या आदिवासी विपणन महासंघामार्फत सुरू झालेल्या वनधन योजनेचा नेमका फायदा इथे आहे. बचत गटांमधून साधारण 300 गोळा करणाऱ्यांचं एक केंद्र, आणि त्याला 15 लाखांपर्यंतचं साहाय्य. शहापूरच्या संस्थेने 2020च्या टाळेबंदीत, सगळे बाजार बंद असताना, पहिल्या तीन महिन्यांत 34,000 किलो गुळवेल खरेदी केली. आठ-दहा दिवस वाळवलेले तुकडे शेडमध्ये आणून दळायचे, पाकिटं सीलबंद करायची. वाळलेली वेल आणि चूर्ण मिळून दीड वर्षात साडेअठरा लाखांची विक्री झाल्याचं तेव्हा जाहीर झालं. कातानंतर प्रथमच पक्का माल पुन्हा वाडीजवळ तयार होऊ लागला, असं मी म्हणेन. ओल्या वेलीचं वजन वाळल्यावर निम्म्याहूनही बरंच उतरतं, पण पावसाचा थेंब लागला, बुरशी धरली, की माल परत येतो. वाळवणं हे दिसायला साधं आणि करायला जिकिरीचं काम आहे.

बाजारही स्थिर नाही. करोनाच्या भीतीने गुळवेलीला जी मागणी आली, तिला पुढच्याच वर्षी धक्का बसला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तो फेटाळताना सांगितलं की नेमकी वनस्पती ओळखली गेली होती का, हेच स्पष्ट नाही; गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत. वैद्यकीय वाद तज्ज्ञांचा आहे. व्यापाराच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट पुढे आली: हा माल नक्की कोणत्या वेलीचा आणि कुठल्या रानातला, याची खात्री विकाऊ आहे. पानावरून, सालीवरून, झाडावरच्या चढण्याच्या पद्धतीवरून गुळवेल ओळखणारी माणसं वाड्यावाड्यांवर आहेत. त्यांच्या ओळखीला कागदाची आणि प्रयोगशाळेची जोड मिळाली, तर 35 रुपयांवर घासाघीस करण्याची वेळ येणार नाही. आज ती जोड कंपनीच्या दारात मिळते, म्हणून जादा भावही तिथेच राहतो.

कायदा या बाबतीत दोन पावलं पुढे आणि एक मागे गेला आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार त्यातून नफा कमावणाऱ्यांनी लाभातला वाटा द्यायचा असतो. हे भारतीय कंपन्यांनाही लागू आहे, असं उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात बजावलं. 2023च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला या वाट्यातून सूट दिली. गुळवेल तर चरकापासून ग्रंथांत आहे. ग्रंथात नाव आलं म्हणून रानातली वेल जपणाऱ्याचा वाटा का जावा, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता भिवंडीच्या गोदामांना थेट नागपूरशी जोडतो. नाणेघाट, थळघाट आणि आता हा. या वेळी जकातीचा रांजण कुणाच्या दारात असेल, हे अजून ठरायचं आहे. रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव कधीच चढले. वाडीवर मात्र लागतात त्या तीनच गोष्टी: पावसाळ्यात कोरडं राहणारं गोदाम, तालुक्याच्या ठिकाणी माल तपासून दाखला देणारी प्रयोगशाळा, आणि खेळतं भांडवल. त्यातही भांडवल वेळेवर हवं. मार्चमध्ये मंजूर झालेला निधी कातकरी कुटुंबाच्या कामाचा नाही. तोवर ते भट्टीवर असतं. खरेदीची रोकड दसऱ्याच्या आत केंद्रात पोचायला हवी, मुकादम वाडीची पायरी चढण्याआधी.