टेपला काय चिकटलं?

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांचा पत्रा. पांढऱ्या बेसवर शेंगदाणे, खाली लाल पट्टा. क्यूसीतल्या ताई सहा पात्यांचं कटर पट्ट्यावरून आधी उभं, मग आडवं ओढतात. पंचवीस इवलेसे चौकोन. ब्रशने कपचे झटकून त्यावर टेप दाबतात, नखाने घासतात आणि झर्रकन ओढतात. निम्मे चौकोन टेपबरोबर येतात.

"चार," त्या म्हणतात. या मापात शून्य सगळ्यांत चांगला, पाच सगळ्यांत वाईट.

"इंकवाल्याला फोन लावा," फोरमन ओरडतात. इंक सुटली की पहिला आरोपी इंकवालाच असतो. पण कागद शाई पितो, पत्रा थेंबभरही पीत नाही. शाई बसते बेसवर आणि बेस पत्र्यावर. सुटलं ते कुठल्या थरातून, हे आधी बघायला हवं.

ताई टेप ट्यूबलाइटसमोर धरतात. नुसता लाल रंग, पांढऱ्याचा कणही नाही. खाली उघडा पत्रा चमकला असता, तर त्यांनी पत्र्याच्या कारखान्यातूनच पत्र्यावर येणाऱ्या तेलाच्या पातळ थराकडे बोट दाखवलं असतं. इथे बेसने पत्रा घट्ट धरलाय. शाईला मात्र बेसवर पकड नाही.

आता एमईके या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी पांढऱ्या भागावर. पुढे-मागे, पुढे-मागे. शंभरदा घासून होतं, चिंधी कोरीच.

"मग चांगलंच की," मी म्हणतो.

"कच्चा असता तर चिंधी कधीच पांढरी झाली असती. हा जास्त भाजलाय." त्या शेजारी मास्टर शीट ठेवतात. आपला पांढरा जरा पिवळट दिसतो.

मशीनवरचे काका हात पुसत येतात. "रात्री लाइन थांबली होती ना. ओव्हनमधल्या शीटा तशाच उभ्या होत्या." दहा-बारा मिनिटांत बाहेर पडायच्या त्या. बेस इतका पक्का झाला, की वरच्या शाईला धरायला त्यात काही उरलं नाही.

काका त्याच थप्पीतल्या, लाइन थांबायच्या आधीच्या चार शीटा छापून ओव्हनमधून काढतात. कटर, टेप: एकही चौकोन हलत नाही. ताई कोपरा दुमडून पुन्हा टेप लावतात, कारण डब्याच्या कडा दुमडायच्याच असतात. तिथेही शाई टिकते.

एवढ्यात इंकवाला बाटली घेऊन हजर. "शाईत हे दोन टक्के टाका, पकड येईल." टाकतात. पिवळट शीटेवर चाराचा तीन होतो. डब्याला एकच्या वर चालत नाही.

"शाई जुनीच राहू दे," फोरमन म्हणतात. पिवळट शीटा किती, हे कुणालाच ठाऊक नाही. रात्री मधे खुणेचा कागद घातलेला नाही. हेल्पर थप्पी दारापाशी, उजेडात ओढून नेतो आणि एकेक शीट मास्टरशी ताडून बाजूला काढू लागतो.