भिंतीवरची गोष्ट कुठून वाचायची?

अजिंठा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. शाळेची सहल जाते, पाहुणे आले की आपणच त्यांना घेऊन जातो. पण काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर "राजा होता, राणी होती, हत्ती होते" एवढंच सांगता येतं. आम्हीही पहिल्यांदा असेच परतलो. दोष डोळ्यांचा नव्हता. गोष्ट कुठून वाचायची हेच माहीत नव्हतं. आज तेवढंच बघू, एका गोष्टीच्या आधारे.

ती गोष्ट म्हणजे षड्दंत जातक. बोधिसत्त्व हा सहा सुळ्यांचा पांढरा हत्ती. त्याच्या दोन हत्तिणी. एकीला वाटलं, दुसरीवर याचा जीव जास्त. तो राग मनात धरून ती मेली आणि पुढच्या जन्मी वाराणसीची राणी झाली. आजाराचं सोंग घेऊन तिनं हट्ट धरला, मला षड्दंताचे सुळे हवेत. शिकारी गेला, काषाय वस्त्र पांघरून त्यानं विषारी बाण मारला. हत्तीनं ते वस्त्र पाहिलं, राग गिळला आणि सुळे काढायला स्वतःच मदत केली. सुळे महालात आले, आणि ते पाहताच राणी कोसळली.

ही गोष्ट दहाव्या लेण्यात आहे. हे अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. आत ३९ अष्टकोनी खांब, आणि त्यांच्यामागे भिंतीवर लांबलचक पट्टा. आपण सांगतो तेव्हा गोष्ट आधी अरण्यात, मग महालात, परत अरण्यात, परत महालात अशी जाते. चित्रकारानं मात्र ती काळाप्रमाणे मांडली नाही, ठिकाणाप्रमाणे मांडली. अरण्यातले प्रसंग एकीकडे, महालातले दुसरीकडे. मध्ये चौकट नाही, रेघ नाही. म्हणून एकच षड्दंत पुन्हा पुन्हा दिसतो आणि आपल्याला वाटतं, हे वेगवेगळे हत्ती.

हे विचित्र वाटतं का? घरातली म्हातारी माणसं जुना वाडा कसा दाखवतात, आठवा. "या ओसरीवर तुझ्या बापाचं बारसं झालं, इथंच आजोबा गेले." मधली चाळीस वर्षं गळतात, ओसरी तेवढी राहते. चित्रकारानं तेच केलं. शिवाय बघणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक होती. कीर्तनाला आपण शेवट काय होणार म्हणून थोडेच बसतो?

याच लेण्यात एक राजपरिवार बोधिवृक्षाची पूजा करताना दिसतो. बुद्ध कुठंय? चित्रात नाही. त्या काळी झाड, चक्र, पाऊलखुणा एवढ्यावरून ओळखायचं असे. खांबांवर बुद्धाच्या आकृती आहेत, त्या नंतरच्या. पाचव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे एकाच दालनात दोन काळांच्या रीती उभ्या आहेत.

त्या नंतरच्या काळाशी आपला वऱ्हाडाचा संबंध आहे बरं का. सोळावं लेणं करवणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. शेजारच्या सतराव्या लेण्यात षड्दंत पुन्हा रंगवलाय. कित्येक शतकांनी तीच गोष्ट नव्या हातांनी सांगितली.

पण आता नवे हात येणार नाहीत. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात खांबावर आपलं नाव कोरलं. पुढं कितीजणांनी तेच केलं. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं बसून नकला काढल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत गेल्या. तो स्वतः आपल्या भुसावळला पुरलेला आहे. भिंतीवरून जे गळलं ते परत येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी घाई करू नका. आधी ठिकाण शोधा: हे अरण्य, हा महाल. मग एकच पात्र धरा आणि ते पुन्हा कुठं भेटतं ते बघा. सोबत पोरं असतील तर गोष्ट त्यांना घरीच सांगून न्या. बघा, हत्ती तीच आधी ओळखतील.