काळ्या मातीला दगडाची भुकटी

काळ्या मातीवर बांधलेल्या शाळेच्या भिंतीला तिरपी भेग पडते. उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात थोडी मिटते. गिलावा केला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उघडते. दोष दर वेळी गवंड्याचा नसतो; पायाखालची जमीनच खालीवर होत असते.

दख्खनच्या पठारावरील काळी माती मुख्यतः बेसाल्ट, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचा कण म्हणजे अतिशय पातळ थरांची चळत. एका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी! थरांमधील बंध दुबळे असल्याने पाणी आत शिरते, थर दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेले की ती आक्रसते.

यावर जुना उपाय म्हणजे मुरूम लागेपर्यंत पाया खणणे. दुसरा, मातीत चुना मिसळणे. चुन्यातील कॅल्शियममुळे मातीचे रासायनिक गुणधर्मच बदलतात. तिसरा उपाय खडी केंद्रावर उरणाऱ्या दगडाच्या भुकटीचा. ही भुकटी बेसाल्टचीच, पण न झिजलेली. म्हणून ती फुगत नाही. तिच्यामुळे मिश्रणातील चिकणमातीचे प्रमाण घटते आणि तिचे खरबरीत, टोकदार कण घर्षण वाढवतात. मात्र ती खनिजाचा स्वभाव बदलत नाही. म्हणून फार फुगणाऱ्या मातीत तिच्या जोडीला चुना लागतो.

हे वर्गात पडताळता येईल. वाळलेली काळी माती बारीक चाळून प्रत्येकी १० ग्रॅम १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरून ढवळावे व २४ तास ठेवावे. जवळपास ज्योत नसावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तेथे १२ आणि पाण्यात १८ मिलिलिटर माती दिसली, तर वाढ ६, म्हणजे फुगवटा ५० टक्के.

आता ७ ग्रॅम मातीत तितकीच बारीक चाळलेली ३ ग्रॅम भुकटी मिसळून हाच प्रयोग करावा. भुकटी हाताळताना नाकाला ओला रुमाल बांधावा. फुगवटा किती घटला? भुकटीच्या प्रमाणाइतकाच, की अधिक? उत्तर विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. मोजपात्रच ते सांगेल.

आपल्या शाळेच्या भिंतीवरील भेगेची रुंदीही दरमहा मोजून ठेवावी. वर्षाअखेर त्या आकड्यांतून जमिनीचा श्वासोच्छ्वास दिसू लागेल.